पीसीबीचं तेल, विजेच्या प्लेटा आणि क्लोराइडचा हिशेब

प्रश्न विचारणाऱ्यांचं बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरवलेलं तेल दहा-बारा पिंपांत पडून आहे, म्हणजे साधारण दोन टन. तपासणीत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे जोडलेल्या दोन बेंझीन वलयांवर क्लोरीन बसलेली विषारी रसायनं) ३४० पीपीएम, म्हणजे दहा लाखात ३४० भाग, निघालं. शिवाय टाक्या धुतल्याचं तेलकट पाणीही साठलंय. एक सप्लायर ‘इलेक्ट्रोकेमिकल युनिट’ घेऊन आलाय. तेल आणि पाणी एकत्र फिरवायचं, ॲल्युमिनियमच्या प्लेटांमधून करंट सोडायचा, पीसीबी नष्ट होतं आणि तेल परत वापरता येतं, असं त्याचं म्हणणं. त्याने दिलेल्या रिपोर्टाचा फोटो प्रश्नासोबत आहे: आधी ३४०, नंतर ‘नॉट डिटेक्टेड’. युनिट घ्यावं का, हा प्रश्न.

आत्ता घेऊ नका. पण विजेने पीसीबी मोडतच नाही, असं काही मी म्हणणार नाही. मोडतं, आणि चांगलं मोडतं. फक्त तुम्हाला दाखवलेलं यंत्र ते काम करणारं नाही. बडोद्यात सांडपाण्याच्या आणि तेलकट कचऱ्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. ‘इलेक्ट्रो’ हा शब्द ऐकला की सगळे एकच काहीतरी समजतात, हे नेहमी दिसतं. प्रत्यक्षात त्या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

त्याआधी तुमच्या ३४० कडे वळू. हा आकडा कशाने काढला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. वर्कशॉपमध्ये जे किट वापरतात, त्यात छोट्या ट्यूबमध्ये सोडियम असतं. ते तेलातल्या सेंद्रिय रेणूंचा क्लोरीन ओढून काढतं, तो पाण्यात उतरतो आणि मग रंग बघायचा. जांभळा राहिला तर ५० पीपीएमच्या खाली, रंग उडाला किंवा पिवळा झाला तर शंका. पण क्लोरीन पीसीबीचा की दुसऱ्या कशाचा, हे त्या ट्यूबला कळत नाही. तुमच्याकडे कोअर किंवा भाग ट्रायक्लोरोइथिलीनने पुसत असतील, किंवा शेजारच्या मशीन शॉपचं क्लोरिनेटेड पॅराफिन असलेलं कटिंग ऑइल चुकून त्याच पिंपात पडलं असेल, तरी किट बोंब मारणारच. उलट किट जांभळं राहिलं तर तेवढ्यापुरतं निश्चिंत व्हायला हरकत नाही. म्हणून आकडा किटवरून आला असेल, तर तो मोजमाप समजू नका, इशारा समजा. खरा आकडा जीसी-ईसीडीवर निघतो, म्हणजे मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर. मकरपुऱ्यातच इर्डा (इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन) आहे, ट्रान्सफॉर्मर तेलाच्या चाचण्या हे त्यांचं रोजचं काम. पहिली चौकशी तिथेच करा. आणि नमुना प्रत्येक पिंपाचा वेगळा द्या. बारा पिंपांचं एकत्र मिश्रण करून पाठवलं, तर एका वाईट पिंपापायी अकरा चांगली पिंपं धोकादायक कचऱ्यात जमा होतील.

पुढचं सगळं आकडा खरा आहे असं धरून लिहितो.

३४० पीपीएम म्हणजे हे मूळचं खनिज तेलच आहे, त्याला पीसीबीचा विटाळ झालाय. पूर्वी पीसीबी आणि ट्रायक्लोरोबेंझीन मिसळून केलेलं ‘अस्करेल’ भरलेले ट्रान्सफॉर्मर यायचे. ते द्रव पाण्यापेक्षा जड असतं, थेंब टाकला तर पेल्याच्या तळाला जातो. तुमचं तेल वर तरंगत असेल. तरंगतं म्हणून ते शुद्ध, असा अर्थ मात्र काढू नका, कारण शेकड्यांतल्या पीपीएमने घनता हलत नाही. हा विटाळ बहुतेक वेळा तेल गाळायच्या फिल्टर मशीनमधून येतो. एकदा कुणाच्या तरी अस्करेलच्या ट्रान्सफॉर्मरला लावलेलं मशीन पुढे दहा जणांच्या तेलात तेच सोडत जातं.

आता यंत्राकडे. ट्रान्सफॉर्मर तेलाचं कामच मुळी वीज अडवणं. त्यात दोन प्लेटा बुडवून डीसी सप्लाय लावला, तर ॲमीटरचा काटा जागचा हलत नाही. करंट वाहायला पाणी, मीठ, काहीतरी वाहक माध्यम लागतं. म्हणूनच सप्लायर ‘तेल-पाणी एकत्र फिरवा’ म्हणतो. पण एकत्र फिरवल्याने करंट पाण्यातून जातो आणि पीसीबी तेलाच्या थेंबातच बसून राहतं. प्लेटेच्या पृष्ठभागापर्यंत ते पोचलं नाही, तर वीज त्याला काय करणार?

ॲल्युमिनियमच्या प्लेटा म्हणजे इलेक्ट्रोकोॲग्युलेशन, हा पहिला प्रकार. प्लेट झिजते, ॲल्युमिनियम पाण्यात उतरून हायड्रॉक्साइडचे पांढरे पुंजके होतात, दुसऱ्या प्लेटेवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात. पुंजके तेलाचे थेंब पकडतात, बुडबुडे त्यांना वर नेतात आणि दुधासारखं पाणी बघता बघता नितळ होतं. हे काम ते खरंच उत्तम करतं. नंदेसरीच्या बाजूला तेलकट सांडपाण्यासाठी मी ते आनंदाने सुचवेन. पण पीसीबीला पाण्याचं वावडं आणि तेलाची ओढ, त्यामुळे ते मुकाट्याने वरच्या तवंगात आणि गाळात जातं. कार्बन-क्लोरीनचा एकही बंध तुटलेला नसतो.

आता तुमचा फोटो मोठा करून बघा. ‘आधी’च्या ओळीत युनिट आहे मिलिग्रॅम प्रति किलो, ‘नंतर’च्या ओळीत मिलिग्रॅम प्रति लिटर. पहिला नमुना तेलाचा, दुसरा पाण्याचा! पीसीबी पाण्यात विरघळतं ते अगदी नाममात्र. करंट न सोडता नुसतं एक रात्र स्थिर ठेवून खालचं स्वच्छ पाणी पाठवलं असतं, तरी तिथे बहुधा ‘नॉट डिटेक्टेड’च आलं असतं. सप्लायरने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. कदाचित त्यालाही फरक माहीत नसेल. पण रिपोर्ट सही-शिक्क्याचा असला म्हणून निष्कर्ष खरा ठरत नाही.

दुसरा प्रकार ऑक्सिडेशनचा. इथे झिजणाऱ्या प्लेटा नसतात. टायटॅनियमवर रुथेनियम किंवा इरिडियम ऑक्साइडचा लेप असतो, नाहीतर महागातला बोरॉन घातलेल्या हिऱ्याचा थर. हिऱ्याच्या ॲनोडवर (धन प्लेटेवर) पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि ते समोर येईल ते जाळतात. पण नेमकं ‘समोर येईल ते’ हीच अडचण आहे. पाच क्लोरीन असलेला एक बायफिनाइल रेणू पूर्ण कार्बन डायऑक्साइडपर्यंत न्यायला ४८ इलेक्ट्रॉन लागतात. त्याच रेणूचे पाचही क्लोरीन नुसते काढून टाकायला १० पुरतात. शिवाय तुमच्या तेलात पीसीबीच्या एका भागामागे जवळपास तीन हजार भाग तेल आहे, आणि रॅडिकलला दोघं सारखेच. म्हणजे सगळी वीज चांगलं तेल जाळण्यात जाणार.

ऑक्सिडेशनची आणखी एक खोड आहे, ती आपल्याकडे विशेष नडते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतो. ॲनोडवर त्याचा सक्रिय क्लोरीन होतो आणि तो पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांना जाऊन चिकटतो. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) खाली आलेला दिसतो, पण क्लोरीन असलेली नवी संयुगं तयार झालेली असतात. हिऱ्याच्या ॲनोडवर तर क्लोराइड परक्लोरेटपर्यंत जातो. क्लोरीनची विषारी संयुगं काढायला जायचं आणि नवी करून बसायचं, असा प्रकार. चांदीच्या आयनांनी नायट्रिक ॲसिडमध्ये सेंद्रिय कचरा जाळण्याची एक पद्धत ब्रिटनमध्ये अणुउद्योगाच्या कचऱ्यासाठी विकसित झाली. तिथेही क्लोरीनवाला कचरा आला की सिल्व्हर क्लोराइड होऊन चांदी खाली बसते. तुमच्या कामाची ती गोष्ट नाही, पण कुणी ‘परदेशात चालतं’ म्हणून सांगायला आला, तर माहीत असावी.

तिसरा प्रकार रिडक्शनचा, आणि तेलातल्या पीसीबीसाठी तत्त्वतः हाच योग्य. कॅथोडवरून (ऋण प्लेटेवरून) इलेक्ट्रॉन द्यायचे. एका क्लोरीनमागे दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन, की क्लोरीन क्लोराइड होऊन सुटतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. तेलाला काही होत नाही, कारण हायड्रोकार्बनकडे देण्यासारखा क्लोरीनच नाही. तेल वीज वाहत नाही ही अडचण अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात जेम्स रस्लिंग यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात सूक्ष्म इमल्शन वापरून सोडवली. योग्य सर्फॅक्टंट (साबणासारखा, तेल-पाणी मिसळवणारा पदार्थ) घातला की तेल आणि पाण्याच्या अतिसूक्ष्म वाटा एकमेकींत गुंततात. पाण्याच्या वाटेने करंट जातो, तेलाच्या वाटेने पीसीबी शिशाच्या कॅथोडपर्यंत पोचतं. क्लोरीन खरोखर निघतो.

तुमच्यापुरता हिशेब करून बघू. दोन टन तेलात ३४० पीपीएम म्हणजे पीसीबी ६८० ग्रॅम. ते अरोक्लोर १२६० (पूर्वी विकलं जाणारं एक पीसीबी मिश्रण) प्रकारचं धरलं, म्हणजे वजनाने ६० टक्के क्लोरीन, तर क्लोरीन झाला ४०८ ग्रॅम. प्रत्येक क्लोरीनमागे दोन इलेक्ट्रॉन घेतले की फॅरेडेच्या नियमाने साधारण ६२० ॲम्पिअर-तास लागतात. पाच व्होल्टवर ही वीज जेमतेम तीन युनिट होते. आश्चर्य वाटेल इतकी कमी. अर्थात कॅथोडवर पाण्यापासून हायड्रोजनही सुटत असतो आणि बराचसा करंट तो खातो. समजा शंभरातला एकच इलेक्ट्रॉन कामी आला, तरी तीनशे-सव्वातीनशे युनिट झाले. म्हणजे विजेचं बिल ही अडचण नाहीच.

अडचण वेगळी आहे. सर्फॅक्टंट भरपूर लागतो आणि काम झाल्यावर तो तेलातून काढावा लागतो. नीट निघाला नाही तर बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) कोसळतो आणि टॅन डेल्टा (तेलात वीज किती वाया जाते ते) वाढतो. ते तेल मग ट्रान्सफॉर्मरमध्ये घालायच्या लायकीचं राहत नाही. जुन्या तेलातलं आम्ल आणि चिकट ऑक्सिडेशन उत्पादनं कॅथोडवर लेप देतात. पॅलेडियमचा कॅथोड वापरला तर क्लोरीन झपाट्याने निघतो, पण तेलातल्या गंधकामुळे तो आंधळा होतो. ॲनोडची बाजू पडद्याने वेगळी केली नाही, तर इकडे सुटलेला क्लोराइड तिकडे जाऊन पुन्हा क्लोरीन होतो. आणि हायड्रोजन साठला तर तेलाच्या शेडमध्ये एक ठिणगी पुरे. हे सगळं सांभाळणारा माणूस चोवीस तास ठेवावा लागतो. दोन टनांसाठी हा संसार परवडत नाही.

तेच शुद्ध अस्करेल असतं तर गणित उलटं झालं असतं. ६० टक्के अरोक्लोर १२६० आणि ४० टक्के ट्रायक्लोरोबेंझीन धरलं, तर एका टनात जवळपास ५९५ किलो क्लोरीन. पूर्ण कार्यक्षमतेनेसुद्धा साडेचार हजार युनिट वीज, आणि शेवटी हातात उरतं जवळपास एक टन मीठ. म्हणून अशा द्रवाला कुणी इलेक्ट्रोकेमिकल सेल लावायला निघालं, तर त्याला आधी कागद-पेन्सिल द्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: मोडलं हे ओळखायचं कसं? कुठल्याही सप्लायरला माझा एकच प्रश्न असतो, क्लोराइड कुठे आहे? पीसीबी नाहीसं झालं असेल तर त्याचा क्लोरीन कुठेतरी क्लोराइड होऊन उतरलाच पाहिजे. तुमच्या तेलाच्या एक किलोमागे २०४ मिलिग्रॅम क्लोराइड यायला हवा. एक लिटर पाण्यात तो उतरवला तर आरामात मोजता येतो. प्रयोग डिस्टिल्ड वॉटर आणि सोडियम सल्फेटवर करायला सांगा. नळाचं किंवा बोअरचं पाणी घेतलं तर मूळच्या क्लोराइडमध्ये हा हरवून जाईल. समोर बसून बघायचं असेल तर पाण्याचा थर वेगळा करा, गाळा, पातळ नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब टाका आणि मग सिल्व्हर नायट्रेट. सुरुवातीच्या पाण्याची टेस्ट ट्यूब नितळ राहते, नंतरच्या पाण्यात पांढरा, दह्यासारखा साका येतो. साका पिवळसर दिसला तर थांबा, कारण काही सर्फॅक्टंट ब्रोमाइडचे असतात आणि मग तुम्ही सर्फॅक्टंटच मोजताय. नक्की आकड्यासाठी आयन क्रोमॅटोग्राफी करून घ्या.

जीसीच्या रिपोर्टातही एक मेख असते. क्लोरीन एकदम सगळे निघत नाहीत, एकेक करून निघतात. सात क्लोरीनच्या रेणूचे सहा, पाच, चार होत जातात, आणि क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे जीसीच्या आलेखावर, शिखरं डावीकडे सरकतात. दोन वलयांच्या जोडाजवळचे क्लोरीन तर शेवटपर्यंत चिवटपणे बसून राहतात. लॅबने फक्त अरोक्लोर १२६० चा नमुना शोधला तर तो सापडणार नाही, रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’ येईल, आणि तेलात हलकी पीसीबी तशीच असतील. पीसीबीचे एकूण २०९ प्रकार आहेत. म्हणून लॅबला क्लोरीनच्या संख्येनुसार गटवार बेरीज मागा, आणि शेवटचं उत्पादन असलेलं बायफिनाइल किती आलं तेही विचारा. प्लेटा, गाळ, फिल्टर, तवंग या सगळ्यांतलं पीसीबी वेगळं मोजायला लावा. चार ठिकाणची बेरीज मूळच्या ६८० ग्रॅमशी जमत असेल, तर काहीच मोडलेलं नाही, फक्त जागा बदलली आहे. सप्लायर या चाचणीला तयार झाला तर माणूस गंभीर आहे. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच.

मग दोन टनांचं करायचं काय? हे थोडं परिस्थितीवर आहे. इतक्या पीपीएमच्या खनिज तेलाला सोडियमच्या बारीक कणांनी क्लोरीन काढण्याची पद्धत सर्वांत सरळ. किटच्या ट्यूबमध्ये होतं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. तेल आधी अगदी कोरडं करावं लागतं, कारण सोडियम आणि पाणी यांचं जमत नाही. तेलही बऱ्याच अंशी परत मिळतं. पण हे वर्कशॉपमध्ये करायचं काम नाही, परवाना असलेल्यांचं आहे. युनिडोच्या (संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था) पीसीबी प्रकल्पात बेंगळुरूची सीपीआरआय (सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट) आणि भिलाई स्टील प्लांट सहभागी होते, तिकडे चौकशी करता येईल. दुसरी वाट उच्च तापमानाच्या भट्टीची. तिथे तापमान आणि थांबण्याचा वेळ पुरेसा नसेल तर फ्युरान आणि डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगं तयार होतात, म्हणून भट्टीवाल्याच्या अधिकृतता पत्रात पीसीबीचा उल्लेख आहे का, ते स्वतः वाचा. तोंडी ‘घेऊ साहेब’ चालणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१६ च्या पीसीबी आदेशाने भारतात उत्पादन आणि आयात बंद झाली, आणि वापराची शेवटची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. ५० पीपीएमची रेषा स्टॉकहोम करारातली (टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) आहे. पण घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल रिसायकलरला देण्यासाठी पीसीबी २ पीपीएमच्या आत हवं. त्यामुळे भंगारवाल्याला किंवा वंगणवाल्याला हे तेल देणं साफ चुकीचं. चांगल्या तेलात मिसळून आकडा उतरवणं तर त्याहून वाईट, त्याने दोन टनांचे वीस होतात. स्वतः प्रक्रिया करायची झाली तर जीपीसीबीची (गुजरात प्रदूषण नियंत्रण बोर्डाची) अधिकृतता लागते, आणि कचरा साठवायची मुदत साधारणपणे ९० दिवसांची आहे. पिंपं पडून राहिली असतील, तर बोर्डाला स्वतःहून कळवलेलं बरं.

धुतल्याच्या पाण्याचं मात्र वेगळं. तिथे तुमच्या सप्लायरच्या यंत्राला खरंच काम आहे. इमल्शन फोडून तेल वर आणायला ॲल्युमिनियमच्या प्लेटा चांगल्या. वरचा तवंग आणि गाळ पीसीबीच्या पिंपात टाका, नितळ पाणी ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढा, मग तपासून बाहेर सोडा. या कामापुरती त्याची किंमत ठरवा, ‘पीसीबी नष्ट’ या नावाची नको. बहुधा निम्म्यावर येईल. आणि त्याहून स्वस्त म्हणजे हे पाणी तयारच होऊ न देणं. टाकी उलटी करून रात्रभर निथळू द्या, मग थोड्या केरोसिनने पुसून घ्या. तेवढं केरोसिन पिंपात जाईल, पण हजार लिटर पाण्याचा प्रश्न उरणार नाही.

पीसीबीचं तेल काढून नवं भरलेले ट्रान्सफॉर्मर तुम्ही ग्राहकांना परत दिले असतील, तर तीन महिने चालल्यावर त्यांचा नमुना पुन्हा घ्या. वाइंडिंगचा कागद आणि लाकडी ठोकळे पीसीबी धरून ठेवतात आणि गरम झाल्यावर हळूहळू सोडतात. आज ५ पीपीएम दाखवणारा ट्रान्सफॉर्मर तेव्हा ४० दाखवू शकतो.

पण या सगळ्याच्या आधी, उद्या सकाळीच, फिल्टर मशीन बंद करा. त्याच्या होजमधलं आणि टाकीतलं तेल वेगळ्या बाटलीत काढून तपासायला पाठवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत ते मशीन कुठल्याही ट्रान्सफॉर्मरला लावू नका.